खोटी मान

वरकुटे,
४ एप्रिल २०२१

संभाजीराव यांस,

वरकुट्याहून कुशाबाईचं कळवणं असं, की आमी दोघं घरी आलो. इंदापूरच्या हॉस्टेलात कोविडचं सेंटर केलंय, तितनं मला परवा सोडलं. ताप गेला. खोकला थोडा हाय. तोंडाला चव न्हाय, मीठ घातलं का न्हाय ते तुमच्या दाजींना विचारावं लागतं. तुमी विचारलं न्हाय, तरी कळवते. थोरली बहीण जगली का मेली, एवढं धाकट्याला ठाऊक असावं.

'संभाजीराव' आणि 'तुमी' लिहिताना हात अडतोय. तुझा शेंबूड पुसलाय मी. पण मांडवाच्या दारात तू परक्यासारखा उभा होतास, म्हणून परक्यासारखंच लिहावं म्हणलं. जमत न्हाय. जाऊ दे.

स्वरूपाला फोन करून तुला निरोप देता आला असता. पण पोरगी नवी नवी सासरी नाशकात गेलीय, तिला बाप आणि आत्याच्या मधे उभी करायची न्हाय. तुला ऐकू येत न्हाय म्हणून आपलं बोलणं जन्मभर कागदावर झालं. भांडणही कागदावरच होऊ दे.

पहिल्यांदा एक सांगते. त्या तपासणीवर माझा राग न्हाय. विजयसिंहरावांनी अट घातली, मुलीकडच्या समद्यांची मांडवाच्या दारात तपासणी व्हायची आणि खर्च मुलीकडचा. बरं, व्याही हायत, त्यांच्या घरात म्हातारं माणूस हाय, भीती असणारच. त्यांच्या माणसांच्या नाकात काडी गेली का न्हाय, ते मी विचारलं न्हाय. तू लॅबवाल्याला माणशी पैसे देत होतास, ते बघून तुझे दाजी माझ्या कानात म्हणाले, "जेवणाच्या ताटापेक्षा नाकातली काडी महाग झाली." मी हसले. हसतच नाक पुढं केलं.

मग त्या पांढऱ्या झग्यातल्या माणसानं टेबलावरच्या पट्ट्या बघितल्या. माझ्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली होती. "मावशी, बाजूला व्हा," म्हणाला. सकाळपासनं अंग कसकसत होतं, मला वाटलं लग्नाची दगदग. पुढं इंदापुरात सरकारी तपासणी फुकट झाली, तितंही तेच निघालं. म्हंजे यंत्र खरं बोललं. मी मांडवात शिरले असते तर कुणाची तरी आई माझ्यापायी गेली असती. परत जायला हवं होतं, आणि मी गेले.

माझा राग तुझ्या मानेवर हाय.

विजयसिंहराव तुझ्यापाशी आले. म्हणाले, "ह्यांना परत पाठवायचं ना? तुमची बहीण आहे, तुम्हीच सांगा." मी ऐकलं. तू मान हलवलीस. मग मी लांबनंच ओरडले, "संभा, मी जाऊ का रं?" तू माझ्याकडं बघितलंस, सरळ डोळ्यांत, आणि परत मान हलवलीस. लगेच, जरा हसून.

मास्कमुळं कळलं न्हाय असं सांगू नकोस. वर्ष झालं समद्यांची तोंडं झाकलीत, आणि तूच मला लिहिलं होतंस, 'बाकीच्यांचं काय कळत न्हाय, तुझं मात्र डोळ्यांवरनं कळतं.'

राजेश्वरी गेली तेव्हा स्वरूपा रांगत होती. शाळेचं वय होईस्तोवर ती हितं वरकुट्यात माझ्या कडेवर वाढली. तुला बायको न्हाय म्हणून कन्यादान मी आणि दाजी करणार, हे तूच ठरवलंस. आणि दारातनं परत जाताना तुझ्या तोंडातनं 'अक्का, इलाज न्हाय' एवढंसुद्धा निघालं न्हाय. जीपवाल्यानं काचा उघडल्या आणि आमाला मागच्या बाकावर बसवलं. कॅनॉलच्या पुलावर आलो तवा मांडवातला सनईवाला ऐकू आला.

आता माहेरी जळोचीला मी येणार न्हाय. तू पण येऊ नकोस.

कुशा

•

वरकुटे,
भाऊबीज, नोव्हेंबर २०२१

संभा,

माझ्या पत्राला उत्तर न्हाय. आज भाऊबीज. 'येऊ नकोस' असं मीच लिहिलं होतं, तरी सकाळपासनं फाटकाकडं चारदा बघून झालं. दाजी म्हणाले, "स्वतःच दार लावायचं आणि स्वतःच कडी वाजते का ऐकत बसायचं." मी त्यांना चहा दिला न्हाय.

ओवाळायचं ताट केलं होतं. मग ते झाकून ठेवलं आणि हे लिहायला बसले. आज भांडायचं न्हाय.

तुला तो मोठा ताप आला ते आठवतं का? तू सात वर्षांचा होतास. ताप उतरला आणि तू आईला म्हणालास, "समदी गप का बसलीत?" आई किती वेळ बोलत होती तुझ्याशी, आणि तू तिच्या हनुवटीकडं बघत होतास. मग ती चुलीपाशी जाऊन रडली. मला वाटलं, तू बरा झालास म्हणून रडती.

बोलायला तू शिकला होतास, ते तुझं राहिलं. पण शाळा सुटली. गुरुजी म्हणाले, ह्याला हितं बसवून काय करू? तवा मी शाळेतनं आले, की कोथिंबिरीच्या वाफ्यांत तुला घेऊन बसायची. आपले वडील पाणी देऊन गेलेले असायचे, वाफ्याचा वरंबा ओला असायचा. त्याच्यावर मी बोटानं अक्षर काढायची, तू त्याच्या खाली काढायचास. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की समदं पुसलेलं. पाटीचा खर्च न्हाय, पेन्सिलीचा न्हाय. तू पहिलं वाक्य लिहिलंस ते 'अक्का भूक'. मी धावत आईला बोलवायला गेले, तवर म्हशीनं त्याच्यावर पाय दिला.

आणि बाजार. बारामतीच्या बाजारात मेथी घेऊन बसायचो आपण. गिऱ्हाईक भाव विचारायचं, तू त्याच्या ओठांकडं बघायचास. पान खाणारा, मिशाळ, पुटपुटणारा असा कुणी आला की तुला कळायचं न्हाय. तवा मी मागनं तुझ्या पाठीला बोट लावायची, पाडून मागतोय असं कळवायला. अर्ध्या गिऱ्हाइकांना कधी कळलंच न्हाय, की पोराला ऐकू येत न्हाय. पण मी नसले की तू नुसती मान हलवायचास. कुणी काय पण विचारो. एकदा एका बाईनं विचारलं, "तुझी आई मेली का रं?" तू मान हलवलीस, आणि तिनं जास्तीचे पैसे दिले. आई किती हसली होती.

यात्रेत तंबूतला सिनेमा आला होता. मी पडद्याकडं बघून समदं तोंडानं हळू हळू तुला सांगत होते, आणि तू पडद्याकडं पाठ करून माझ्या तोंडाकडं बघत होतास. मागचा माणूस ओरडला, "ए पोरा, सिनेमा तिकडं हाय!" तुला ते ऐकू आलं न्हाय. मला आलं, पण मी तुला सांगितलं न्हाय. आख्खा सिनेमा तू माझ्या तोंडावर बघितलास.

लोकांपुढं तू मान हलवायचास. माझ्यापुढं कधी न्हाय. कळलं न्हाय तर माझा दंड धरून "परत सांग" म्हणायचास. म्हणून ती मान मला लागली रं. आज भांडायचं न्हाय म्हणलं आणि परत तितंच आले.

ताटातला लाडू दाजींनी खाल्ला.

कुशा

•

वरकुटे,
१९ फेब्रुवारी २०२२

संभा,

स्वरूपाचा फोन आला होता. म्हणाली, "आत्या, आबा वाळलेत. बाजारला जात न्हाईत, भाजी व्यापाऱ्याला जागेवर देतात. कुणात मिसळत न्हाईत." मी म्हणलं, वय झालं. पण मला ठाऊक हाय. दोन वर्षं झाली लोकांच्या तोंडावर फडकी हायत, तुला माणसं म्हंजे नुसती डोळ्यांची भुतं झाली असतील. वाचायला काय राहिलं तुला?

हे मला एवढ्या दिवसांत सुचलं न्हाय. काल बागेत झाडावरच्या पेरूंना पिशव्या बांधताना सुचलं. एकेक फळ कागदात गुंडाळताना.

माझं लग्न झालं तवा तू चौदाचा. मी वरकुट्याला आले, आणि पंधरा दिवसांत तुझं पहिलं आंतरदेशीय पत्र. सासूबाई म्हणाल्या, कुणाचं? मी वाचून दाखवलं न्हाय. तू लिहिलं होतंस, 'अक्का, हितं आता मी कुणाचं तोंड वाचू?'

दोन ओळी तरी लिही. भांड पाहिजे तर.

अक्का

•

जळोची,
८ मे २०२२

अक्का,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. आज उठणार न्हाय.

मला कळलं नव्हतं, अक्का.

विजयसिंहराव बोलत होते तवा त्यांच्या मास्कचं कापड आत-बाहेर होत होतं. मला तेवढंच दिसत होतं. त्यांच्या मागं त्यांचे चार पाहुणे उभे. मी त्यांना लग्नाच्या बैठकीत सांगितलं होतं, मला थोडं कमी ऐकू येतं. थोडं. बैठकीत दाजी बोलले आणि मी मान हलवली, म्हणून निभावलं. समदं खरं सांगितलं तर म्हणतील, रक्तात असेल, उद्या नातवंडात उतरेल. असं म्हणून लोक स्थळ मोडतात. ताप येऊन कान गेले हे कोण ऐकून घेतो?

मला वाटलं ते विचारतायत, झालं का समद्यांचं? मी मान हलवली.

मग तू ओरडलीस. तुझं मला डोळ्यांवरनं कळतं, हे मी लिहिलं होतं ते खरं हाय. पण ऊन होतं, तू लांब होतीस, पदर कपाळावर होता. मला काहीच कळलं न्हाय. 'परत सांग' म्हणायला पाहिजे होतं. ते चार पाहुणे बघत होते. मला वाटलं, तू विचारतीस, समदं नीट चाललंय ना? मी हसून मान हलवली.

आजवर तुझ्यापुढं मी खोटी मान हलवली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा हलवली.

तू जीपकडं गेलीस. मला वाटलं ओटीचं सामान राहिलं असेल. अंतरपाट धरला तवा मी तुला बायकांत शोधत होतो. कन्यादानाला चुलत्याला आणि चुलतीला बसवलं, मी चुलतभावाला खुणेनं विचारलं, अक्का कुठं? त्यानं हातानं 'नंतर' केलं. पंगत उठल्यावर स्वरूपानं मेंदीच्या बोटानं माझ्या तळहातावर लिहिलं, 'आत्याला परत पाठवलं. तुमीच हो म्हणालात.' पोरगी सासरी जाताना माझ्याशी नीट बोलली न्हाय. तिलाही मी सांगितलं न्हाय, की मला कळलं नव्हतं. नव्या सासरी कुणापाशी बोलली तर? म्हणून गप बसलो.

आणि तुला लिहायला लाज वाटली. मला समद्या जगाचं कळलं न्हाय तरी चालतं. तुझं कळलं न्हाय, हे तुला कसं लिहू?

मी इंदापूरला आलो होतो. त्या हॉस्टेलच्या फाटकापाशी. वॉचमननं मास्कमधनं काहीतरी विचारलं, मी मान हलवली. त्यानं हात झटकला. मी मोसंबीची पिशवी त्याच्या खुर्चीवर ठेवली, तुझं नाव सांगितलं आणि समोर लिंबाखाली उभा राहिलो. वरच्या खिडक्यांत बायका दिसत होत्या. तुझी खिडकी कुठली ते विचारायला तोंड होतं, कान नव्हते. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

आता काय झालं ते ऐक. मास्क सुटले. स्वरूपा आणि इंद्रजितराव राहायला आले. जेवायला बसलो. मी भाकरी खात होतो, तर इंद्रजितरावांनी खिशातनं पेन काढलं आणि पेपरच्या कोपऱ्यावर लिहून माझ्यापुढं सरकवलं, 'मामा, भात वाढू?'

मी त्या पेपरकडं बघत बसलो. मग स्वरूपानं खाली लिहिलं, 'आबा, मी त्यांना पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. त्यांनी घरी पण सांगितलं. समद्यांना ठाऊक हाय.'

म्हंजे मी वर्षभर झाकत होतो ते उघडंच होतं. त्यापायी मी तुला घालवलं. भात खाल्ला न्हाय त्या दिवशी.

आता तू ये, न्हायतर मी येतो. काय ते लिहून सांग.

संभा

•

वरकुटे,
१४ मे २०२२

संभा,

पत्र पोचलं. दाजींना वाचायला दिलं. ते वाचून चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "मी तवाच म्हणलं होतं." काय पण म्हणले नव्हते. जीपमधे तुला माझ्यापेक्षा जास्त शिव्या त्यांनीच दिल्या.

मोसंबी तू ठेवली होतीस व्हय? मला वाटलं सरकारनं दिली. मी खोलीतल्या बायकांना वाटली आणि म्हणलं, बघा, सरकार किती करतंय.

गाढवा, लाज कशाची? माझं तोंड फडक्यात, अंगात ताप, कोसभर लांब उभी. मला आई जरी दारात दिसली असती तरी ओळखली नसती. पण तू वर्षभर उगा गप बसलास, ते मात्र मी विसरणार न्हाय. एकदा लिहिलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी आले असते. तुला ठाऊक न्हाय का हे? आणि मी तरी काय कमी. वर्षभर तीच मान डोळ्यांपुढं घोळवत बसले.

रविवारी येते. पुरणाचा घाट घालू नकोस, तुझ्या पोळ्या फुटतात. पिठलं कर. कोथिंबीर वाफ्यातली ताजी काढून ठेव. म्हंजे वाफे राहिलेत का, का समदे प्लॉटवाल्यांना दिलेस?

अक्का

•

वरकुटे,
२८ ऑगस्ट २०२२

चि. स्वरूपा,

तुला हे फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेमधे "मग? मग?" करतीस आणि मला गोष्ट नीट सांगता येत न्हाय. शिवाय तुझा बाप समोर बसलाय. त्याला ऐकू येत न्हाय, पण तोंडाकडं बघतोय. म्हणून लिहिते.

तू पैसे पाठवलेस, आबाच्या कानाची तपासणी करून यंत्र घ्या म्हणून. तो आधी नको म्हणाला. एवढं आयुष्य गेलं, आता कशाला? खरं म्हंजे त्याची तपासणी कधी झालीच न्हाय. लहानपणी आमच्या वडलांपाशी पैसे नव्हते, आणि मोठेपणी ह्यानं ऐकलं न्हाय. तपासणी केली तर कागदावर 'बहिरा' असं येईल, हीच भीती. मी म्हणलं, "माझ्या नाकात काडी घातली तवा मी गेले का न्हाय? तुझ्या तर कानाला नुसतं लावायचंय." मग उठला.

बारामतीतल्या त्या दवाखान्यात एक काचेची खोली हाय. तुझ्या बापाला आत बसवलं, कानांवर जाडजूड फोन घातले. बाहेर यंत्रापाशी एक पोरगी, राजलक्ष्मी नावाची, फार गोड. तिनं त्याला कागदावर लिहून दिलं, 'आवाज आला की बोट वर करा, आजोबा.' त्यानं वाचलं आणि शहाण्यासारखा ताठ बसला.

मी पोरीच्या शेजारी उभी होते. तिनं बटणावर हात नेला. आबानं बोट वर केलं. परत हात नेला, परत बोट वर. मी म्हणलं, ऐकू येतंय की! आख्खं आयुष्य आपण उगाच लिहीत बसलो! पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आजी, मी अजून आवाज सोडलाच न्हाय."

तो तिच्या हाताकडं बघत होता. तिचा हात हलला की बोट वर करत होता. पोरगी एवढी खटपट करतीय, तिला वाईट वाटू नये म्हणून.

तिनं मग काचेवर पडदा ओढला, फटीतनं मला दिसत होतं. आवाज सोडला, वाढवला, अजून वाढवला. बाहेर माझ्या कानाला बारीक ऐकू यायला लागला इतका. आत तुझा बाप मांडीवर हात ठेवून पडद्याकडं बघत बसला होता. उत्तर येत न्हाय पण मार पडू नये, अशा पोरागत.

लग्नाच्या दिवशी काय झालं ते त्यानं मला लिहिलं होतं. ते वाचून मी माफ पण केलं होतं. पण खरं सांगू, कुठंतरी मनात कण होता, की थोडं तरी कळलं असेल ह्याला. तो कण त्या फटीपाशी गेला. मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी तोंड धुतलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून सांगितलं, की लहानपणच्या तापात नसच गेलीय, दोन्ही कानांची, यंत्राचा काही उपयोग होणार न्हाय. म्हणाल्या, घेऊ नका, पैसे वाया जातील. यंत्र विकणाऱ्यांनीच असं सांगावं याचं मला नवल वाटलं. तुझ्या बापानं कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता खचतो. तर म्हणाला, "बरं झालं. म्हंजे मी चुकत नव्हतो. खरंच येत नव्हतं." आणि डॉक्टरीणबाईंना हात जोडले.

तपासणीपुरते पैसे दिले. उरलेले दाजींपाशी ठेवलेत, दिवाळीला येशील तवा घेऊन जा.

मग मी म्हणलं, आता जळोचीला एकटा काय जातोस, वरकुट्याला चल, पेरू तोडायला माणूस कमी हाय. म्हणाला, कपडे न्हाईत. म्हणलं, दाजींची घाल. तसाच चढला इंदापूरच्या एसटीत. गाडी गच्च. कंडक्टर आला आणि त्यानं तुझ्या बापाला काहीतरी विचारलं. मी पलीकडच्या बाकावर होते, मधे एका बाईचं गाठोडं. मला वाटलं आता मान हलवणार. मी उठायला लागले.

तर त्यानं मोठ्यानं, आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मी बहिरा हाय. लहानपणापासनं. मला लिहून दावा."

पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. स्वरूपा, हे वाक्य मी त्याच्या तोंडनं कधी ऐकलं नव्हतं. आईनं ऐकलं नव्हतं. तुझ्या आईनं पण ऐकलं नसेल. मी गाठोड्यावर हात ठेवून तशीच अर्धी उभी राहिले.

मग कंडक्टरनं कानावरचं पेन काढलं, एका जुन्या तिकिटाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं आणि तुझ्या बापापुढं धरलं. मला वाटलं, काय लिहिलं असेल? कुठं जायचं विचारलं असेल, का बिचाऱ्यानं काही चांगलं लिहिलं असेल?

लिहिलं होतं, 'सुटे द्या.'

तुझा बाप हसला गं. एवढ्या मोठ्यानं हसला की ड्रायव्हरनं आरशात बघितलं. कंडक्टर पण हसला, गाठोडंवाली पण हसली. ते तिकीट त्यानं खिशात ठेवलंय, दाजींना दाखवून झालं, शेजारच्या शकुबाईला पण दाखवून झालं.

आता आठ दिवस झाले, जायचं नाव न्हाय. दाजी आणि तो सकाळी पेरू तोडतात आणि दुपारी पाटीवर लिहून भांडतात, कुणाची बाग चांगली म्हणून. पाटी मी दुकानातनं आणली. ह्या वयात दोघं पाटी हिसकावून घेतात एकमेकांची.

इंद्रजितरावांना माझा आशीर्वाद सांग. विजयसिंहरावांना आणि विहीणबाईंना पण नमस्कार. त्यांच्यावर माझा राग कधी नव्हता. थोडा होता, तो गेला.

तुझा बाप पाठीमागं येऊन उभा हाय आणि वाचतोय. मला म्हणतो, खाली जागा ठेव.

तुझी,
आत्या

स्वरूपा,
मी काय एवढ्या मोठ्यानं हसलो नव्हतो.
आबा